दोन रकान्यांची वही

लाम्पांग
२० जून, बुद्धसंवत २५३९

प्रिय दुआन,

“नियन म्हणजे भात, आणि दुआन म्हणजे अंडं.”

ख्रू प्रायोंग हे बोलल्या त्याला बत्तीस वर्षं झाली. तुझ्या लक्षात आहे का, मला माहीत नाही. आपण बारा वर्षांच्या होतो. त्या दिवशी त्या बाजारातून परडी भरून आणली होती: अंडी, तांदूळ, मीठ, दोन पपया, माशाच्या सारासारखं काहीतरी बाटलीत. इंग्रजीत काही नामं मोजायची असतात आणि काही मोजायची नसतात, हे त्या आठवडाभर समजावत होत्या आणि वर्गाच्या डोक्यात शिरत नव्हतं. आपल्याकडे सगळंच मोजतात, फक्त मागे ज्याचं त्याचं माप लावायचं. माणूस असेल तर एक माप, भिक्षू असेल तर दुसरं, हत्ती रानातला असेल तर तिसरं आणि पाळलेला असेल तर चौथं. केस मोजायचे नाहीत असं त्या म्हणाल्या तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “ख्रू, सगळ्यांचे राहू देत, पण हेडमास्तरांचे मोजता येतील. मी आत्ता जाऊन मोजून येतो!” ख्रूंनी डोळे पुसेपर्यंत हसून घेतलं, आणि मग आपल्या दोघींना दंडाला धरून पुढे उभं केलं, आणि ते वाक्य बोलल्या. अंडं एक, दोन, तीन. कमी झालं की लगेच कळतं. भात नुसता असतो.

वर्ग तुला हसला. तू ओठ काढून रडलीस, मग त्यांनी तुला जवळ घेतलं. मला कुणी हसलं नाही.

हे आता का लिहिते आहे ते सांगते. तू दोन जूनला आलीस, गेलेल्या ख्रूंच्या हातावर निरोपाचं पाणी घातलंस आणि संध्याकाळच्या बसने परत गेलीस, त्यामुळे पुढचं बोलणं तुझ्या कानावर आलं नाही. शवपेटी विहारात ठेवली आहे. शंभर दिवस झाले की येणाऱ्या शनिवारी, चौदा सप्टेंबरला, अग्निसंस्कार. आलेल्या प्रत्येकाला द्यायला पुस्तक छापायचं आहे. त्यांचा भाचा बुनलर्ट म्हणतो, सूत्रं तर सगळेच छापतात, परवा कुणीतरी आईच्या लोणच्यांची कृती छापली. आपण आत्याची वही छापू. तीच, दोन रकान्यांची. डावीकडे लाल शाईत मोजता येणारी नामं, उजवीकडे निळ्या शाईत न मोजता येणारी, आणि प्रत्येकाखाली त्यांनी चाळीस वर्षांत रचलेली उदाहरणं.

वही माझ्याकडे आहे. टाइप मी करीन. छापखाना तू बघावास, आणि प्रस्तावनाही तूच लिहावीस, असं बुनलर्टचं म्हणणं. मी म्हटलं, “मी लिहिली तर?” तर म्हणाला, “पी नियन, तुम्ही काय, घरच्याच! वर आचान दुआन असं नाव आलं की पुस्तकाला वजन येतं.”

विद्यापीठात शिकवते ती आचान, शाळेत शिकवते ती ख्रू. बरोबरच आहे.

होय की नाही ते लवकर कळव.

नियन


बँकॉक
२९ जून २५३९

प्रिय पी नियन,

होय. हजारदा होय. छापखाना माझ्या ओळखीचा आहे, गल्लीच्या तोंडाशीच. मालक गप्पिष्ट आहे पण अक्षरं स्वच्छ काढतो.

अंड्याचं विसरेन कशी! पुढची तीन वर्षं अख्खी शाळा मला कोंबडीचा आवाज काढून हाक मारायची. तुला हसले नाहीत याचं तुला वाईट वाटतंय? तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी, म्हणून पी म्हणते, पण कधीकधी वाटतं तूच धाकटी आहेस. भात म्हणाल्या तो मोठेपणाच होता गं. अंड्यावाचून कुणाचं अडतं? भाताशिवाय जेवण तरी होतं का?

प्रस्तावनेचं मात्र मला अवघड वाटतं. तुला सगळं माहीत आहे तरी लिहिते, कारण हे मी कुणापाशी मोकळेपणानं बोललेलीच नाही. ख्रूंनी शिफारस केली म्हणून मला ऑस्ट्रेलियाला जायला मिळालं. परत आल्यावर शाळेतली त्यांची जागा मी घ्यायची, असं ठरलं होतं. मी परत आले ती बँकॉकपर्यंतच. लग्न केलं, इथेच राहिले. ती जागा तू घेतलीस. पहिली सहा वर्षं त्यांना काही कळवायची हिंमत झाली नाही, मग चार पत्रं लिहिली, उत्तर एकाचंही आलं नाही.

त्यानंतर पंधरा वर्षं दर सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, मी बसने येत होते, त्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालायला. तू आधी घालायचीस. तुला त्या किती वेळ आशीर्वाद द्यायच्या! गुडघे दुखू नयेत, मुलं चांगली निघावीत, छप्पर गळू नये, काय काय. मग मी वाकायचे. “सुखी राहा.” दोन शब्द. तू शेजारी ओल्या हातांनी उभी असायचीस आणि मला तुला ढकलून द्यावंसं वाटायचं. आता सांगायला हरकत नाही.

आणि शेवटची तीन वर्षं तर त्या पूर्ण तुझ्याच होत्या. त्यांचे केस धुतलेस, नखं कापलीस. माझ्या वाट्याला एका हातावर घातलेलं पाणी आलं, आणि तो हात गार होता.

एक विचारू? त्या उदाहरणांत मुलींची नावं घालायच्या. माझं नाव आहे का गं कुठे? एखादं असेल, जुनं. बघून ठेव.

तुझी
दुआन


लाम्पांग
१५ जुलै २५३९

प्रिय दुआन,

भाताशिवाय जेवण होत नाही, हे तू लिहिणार हे मला पत्र फोडायच्या आधी माहीत होतं. ज्याला कायम मोजलं गेलं त्यालाच हे सुचतं. आमच्या घरी भाताचं कौतुक झालेलं मी एकदाच ऐकलं, तो करपला होता तेव्हा.

रागावू नकोस. उकाडा आहे, आणि शाळेचा टाइपरायटर एक अक्षर सोडून देतो, त्यामुळे ते मला प्रत्येक वेळी हाताने भरावं लागतं. रोज शाळा सुटली की दोन तास बसते. वही हातात घेतली की तिला अजून ख्रूंच्या कापराच्या तेलाचा वास येतो. सुरुवातीची पानं किती नेटकी आहेत! ‘सल्ला’ उजव्या रकान्यात. खाली लिहिलंय, सल्ला मोजत नाहीत, म्हणून लोक तो इतका देतात. ‘बातमी’ उजवीकडे. ‘सामानसुमान’ उजवीकडे, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात, हे त्यांना कोण समजावणार, मलाच पटत नाही. मी एकटीच हसले. त्या पलीकडच्या खोलीत झोपल्या आहेत असंच वाटलं.

आमची तीन वर्षं कशी गेली, ते तुला वाटतं तसं नव्हतं. केस धुताना त्यांना साबण डोळ्यांत गेलेला चालत नसे. भात मऊ लागे, पण लगदा नको. मीठ कमी पडलं तर वाडगा पुढे सरकवत. त्यांच्या कोंबड्याच्या चित्राच्या वाडग्याला त्यामुळे काठावर चीर गेली आहे. हे सगळं मी आनंदाने केलं, असं विहारात सगळे म्हणतात. मीही म्हणते.

नावं वहीत पुष्कळ आहेत. तुला प्रूफात दिसतीलच. अर्धा भाग सोबत पाठवते आहे, उरलेला पुढच्या आठवड्यात.

प्रस्तावना फार लांबवू नकोस.

नियन


बँकॉक
९ ऑगस्ट २५३९

प्रिय पी नियन,

प्रूफं आली. मी दोनदा वाचली. पहिल्यांदा चुका बघायला, दुसऱ्यांदा माझं नाव बघायला.

तू तेहतीस ठिकाणी आहेस. मी मोजलं. ‘नियनने दोन आंबे आणले.’ ‘नियनचं इंग्रजी स्वच्छ आहे.’ ‘नियनकडून बातमी नाही.’ हे मला कळलं नाही. तू तर रोज समोर असायचीस, तुझ्याकडून कसली बातमी यायची? पण असेल, कधी आजारी असशील, कधी माहेरी गेली असशील. आणि ती शेवटची पानं! ‘नियन मला आंघोळ घालते.’ ‘नियनचे हात उबदार आहेत.’ ‘नियनजवळ माझ्यासाठी खूप वेळ आहे.’ छापखान्याच्या मालकासमोर मला रडू आलं. तो बिचारा म्हणतो, “आचान, एवढ्या चुका आहेत का?”

माझं एकदाही नाही.

वर्गातल्या सगळ्यांची आहेत. त्या हेडमास्तरांचे केस मोजायला निघालेल्याचंसुद्धा आहे. माझं नाही. मी स्वतःला सांगितलं की त्यांनी रागाच्या भरात एखाद्या दिवशी वही काढली असेल आणि जिथे जिथे मी होते तिथे खोडलं असेल. तेही मला चालेल, पी. खोडायला तरी आधी लिहावं लागतं.

माझी लेक म्हणाली, “आई, मूळ वही मागवून घे. टाइप करणाऱ्याच्या हातून काय काय सुटतं.” मी तिला इतकं रागावले! म्हटलं, “पी नियनच्या हातून? जिने ख्रूंना लहान मुलासारखं न्हाऊमाखू घातलं, तिच्या? लाज वाटू दे बोलायला.” आता तोंड फुगवून बसली आहे.

पण तू एकदा बघशील का? वही उजेडाला धर. कुठे खरवडलेलं, खोडलेलं, वर कागद चिकटवलेला. एका ठिकाणी असलं तरी मला पुरे. तेवढ्यावर मी येईन, त्यांच्यासमोर गुडघे टेकीन, माफी मागीन. नाहीतर कोणत्या तोंडाने येऊ?

लगेच उत्तर दे. बुनलर्टला काही सांगू नकोस.

दुआन


लाम्पांग
१६ ऑगस्ट २५३९

प्रिय दुआन,

वही पाहिली. खोडलेलं कुठेही नाही. तुझं नाव नाही.

बुनलर्ट म्हणतो, वही आत्याबरोबर शवपेटीत ठेवायची. मलाही तेच योग्य वाटतं.

पुस्तकं दहा सप्टेंबरपर्यंत पोचायला हवीत.

नियन


बँकॉक
३० ऑगस्ट २५३९

प्रिय पी नियन,

पुस्तकं छापून झाली. पाचशे प्रती, चार खोकी, सोमवारच्या गाडीने येतील. बुनलर्टला स्टेशनवर पाठव, तू स्वतः उचलायला जाऊ नकोस, तुझं मनगट अजून दुखतं असं बुनलर्ट फोनवर म्हणाला.

प्रस्तावना मी काढून टाकली. अकरा पानं लिहिली होती. त्यांची शिष्या म्हणून मिरवायला जागाच उरली नाही. तू पहिल्या भागाबरोबर जी अर्ध्या पानाची टीप पाठवली होतीस, वही कशी वाचावी म्हणून, तीच पुढे लावली आणि खाली तुझं नाव घातलं. ‘ख्रू चाम्नियन’ असं पूर्ण नाव. चांगलं दिसतं आहे.

मी येणार नाही. मनातून भांडून झालंय, रडून झालंय. एका बाईने चाळीस वर्षं रोज वाक्यं लिहिली आणि त्यांतल्या एकाही वाक्यात मला ठेवलं नाही, तर तिच्या मनात काय होतं ते मला आता शंभर लोकांसमोर जाऊन विचारायचं नाही. मी गेल्याने त्यांच्या निरोपात विघ्न नको.

एक करशील? शवपेटीपाशी माझ्या वाटचं चंदनफूल तू ठेव. एकाच्या ऐवजी दोन घे हातात. कुणी विचारलं तर सांग, एक दुआनचं. न विचारलं तर नको सांगूस.

मी तुझा हेवा करायचे असं मागे लिहिलं होतं. आता करत नाही. ज्याचं आहे त्याला मिळालं.

तुझी
दुआन


लाम्पांग
१७ सप्टेंबर २५३९

दुआन,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन सगळी माझ्या बाजूने होती.

आधी शनिवारचं. आकाश भरून आलं होतं पण सगळं होईपर्यंत पाऊस आला नाही. माणसं साडेतीनशेच्या वर. जिना चढून शवपेटीपाशी गेल्यावर प्रत्येकाने फूल ठेवलं आणि खाली उतरताना बुनलर्टने पुस्तक हातात दिलं. बाजारात डुकराच्या कातड्याचे तळलेले तुकडे विकते ती बाई तिथेच पायरीवर पानं उलटायला लागली. तिला इंग्रजी येत नाही, पण माझं नाव ओळखता येतं. ती ओरडली, “अगं बाई, ख्रू नियन! पानोपानी तुम्हीच! केवढा जीव होता हो त्यांचा तुमच्यावर!” मग चार जणी जमल्या. बोट ठेवून ठेवून माझं नाव शोधायला लागल्या. “हे बघ, इथे पण. हे बघ, इथे पण.”

बत्तीस वर्षं मी हेच ऐकायची वाट बघत होते. मी मान डोलावली. हसलेसुद्धा, असं वाटतं.

माझ्या हातात दोन फुलं होती. एक ठेवलं. दुसरं कुणाचं असं कुणीच विचारलं नाही. मी ते ठेवलं आणि तुझं नाव घ्यायच्या ऐवजी रडायला लागले. मागची माणसं पुढे सरकायला खोळंबली होती. बुनलर्ट हळूच म्हणाला, “पी नियन, वही?” वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. मी म्हटलं, “घरी विसरले.” तो म्हणाला, “असू दे, असू दे, रडू नका.”

ती वही याच टपालाने, रजिस्टर करून, तुला पाठवली आहे. या पत्राच्या आधी मिळाली तर आधी हे वाच, मग ती उघड. मिळाली असेल आणि तू उघडली असशील, तर पुढचं वाचायची तुला गरज नाही.

तू त्यात एकतीस ठिकाणी आहेस. मी दोन. ‘नियनने भात आणला.’ आणि ‘नियन, मीठ कमी आहे.’

मी तुझी सगळी नावं बदलली. पहिलं बदललं तेव्हा टाइपरायटर खरोखर अडकला होता. कागद नवा घालावा लागला, आणि नव्या कागदावर बोटांनी माझं नाव उमटवलं. मी पाहिलं आणि वाटलं, एक तर आहे. मग दुसऱ्या पानावर, मग तिसऱ्या. ‘नियनकडून बातमी नाही’ हे टाइप करताना थांबायला हवं होतं. ते वाक्य माझं होऊच शकत नाही, हे मलाही दिसत होतं. त्याच्या बाजूला त्यांनी तारीख घातली आहे, बघ. तू परत आलीस ते वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तारीख. अशी सहा आहेत. तुझी चार पत्रं त्यांच्या उशीच्या अभ्र्यात होती, मळून मऊ झालेली. ती मी त्यांच्या हाताखाली ठेवली, ती त्यांच्याबरोबर गेली. त्यांनी उत्तर का दिलं नाही, ते मला ठाऊक नाही. हट्टी होत्या. तुला क्षमा केली होती का, हे मी कोण सांगणार? पण तुला विसरल्या नव्हत्या. हे मला जूनपासून माहीत होतं. तू मला विचारलंस, उजेडाला धरून बघ म्हणालीस, आणि मी ती खिडकीपाशी नेऊन खरोखर उजेडाला धरली, आणि मग टेबलाशी बसून ‘नाही’ लिहिलं.

तू आली असतीस. माझ्या दोन ओळींमुळे आली नाहीस. मी माफी मागत नाही, कारण मागितली तर तू देशील, तू तशीच आहेस, आणि मला ते सोसणार नाही.

आता शेवटच्या पानांचं. ती पेन्सिलीने लिहिलेली आहेत, अक्षरं उतरत जातात. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर ख्रू मला दुआन म्हणायला लागल्या. “दुआन, पाणी दे.” पहिल्यांदा मी म्हटलं, “ख्रू, मी नियन.” त्या म्हणाल्या, “हो, हो. नियन कुठे गेली?” मी म्हटलं, “इथेच आहे.” त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मला शोधायला. मग म्हणाल्या, “असेल. ती कुठे जाते!” आठवडाभर मी रोज सांगत राहिले, मग सोडून दिलं. तुझ्या नावाने हाक मारली की त्या नीट जेवायच्या. साबण डोळ्यांत गेला तरी रागवायच्या नाहीत. एकदा माझा हात गालाशी धरून कितीतरी वेळ बसल्या. मी तुझ्या नावाखाली आठ महिने त्यांच्याशी वागले आणि त्यांनी मला इतकं प्रेम दिलं की जे माझ्या नावाखाली मला कधीच मिळालं नव्हतं. मी आंघोळ घालून कपडे वाळत घालायला जायचे, तेवढ्यात त्या ही वही उघडून लिहायच्या. काय लिहितात ते मी त्या गेल्यावर वाचलं.

‘दुआन मला आंघोळ घालते.’ ‘दुआनचे हात उबदार आहेत.’ ‘दुआनजवळ माझ्यासाठी खूप वेळ आहे.’

ते हात माझे होते. मनगट त्यांना उचलतानाच दुखावलं. पण डोळ्यांपुढे तू होतीस. मग ती वाक्यं कुणाची, हे मी तीन महिने स्वतःला विचारते आहे. मिळालं त्याबद्दल लिहिलं की हवं होतं त्याबद्दल, ते त्यांनाच ठाऊक.

अस्थी अजून विहारात आहेत. वांग नदीत सोडायच्या होत्या, मी बुनलर्टला सांगितलं, दुआन येईपर्यंत थांब. “का?” म्हणाला. मी म्हटलं, “तिला ख्रूंनी बोलावलंय, वहीत लिहिलंय.” तो हो म्हणाला. तू कधीही ये. मी घाटावर आले नाही तरी चालेल.

शाळेला तीनशे प्रती हव्या आहेत, वर्गात वापरायला, म्हणजे पुस्तक पुन्हा छापलं जाईल. मूळ वही तुझ्यापाशी आहे. सगळं होतं तसं कर. आंबे तुझे, स्वच्छ इंग्रजी तुझं, सहाही वर्षांची न आलेली बातमी तुझी. आंघोळ तुझी म्हण, हातही तुझे म्हण, मी वाद घालणार नाही. पुढची माझी टीप काढ आणि तुझी अकरा पानं घाल. माझं भात आणि मीठ होतं तिथे राहील. बाजारातली ती बाई नवं पुस्तक उघडून विचारील, ख्रू नियन, तुम्ही कुठे गेलात? मी सांगीन काय सांगायचं ते.

फक्त एक. शेवटच्या पानावर, उजव्या रकान्यात, पेन्सिलीने लिहिलेलं सगळ्यात खालचं वाक्य. वेळाचं. ते आत्ता छापलंय तसंच राहू दे, माझ्या नावाने. तुला तेच सगळ्यात जास्त हवं असणार, मला माहीत आहे. त्यांनी शेवटचं लिहिलेलं वाक्य आहे ते, आणि त्यात लिहिलेलं नाव तुझं आहे. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मी असते तर नाहीच म्हटलं असतं. तरी मागते आहे, दुआन. ते एक मला दे.

नियन